ऱ्हाइनकाठचे कोलोन आणि बोलीरेषांचा पंखा

कोलोन हे नगर महाराष्ट्रातील सुशिक्षितांस बहुधा दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक, त्याच्या नावाने जगभर विकले जाणारे सुगंधी पाणी. आणि दुसरी, ऱ्हाइनच्या तीरावर उभे असलेले जुळ्या शिखरांचे कॅथीड्रल. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास मात्र ते तिसऱ्याच एका कारणाने परिचित असावयास हवे. ब्लूमफील्ड ह्यांच्या १९३३ सालच्या ‘लँग्वेज’ ह्या ग्रंथातील बोलीभूगोलाच्या प्रकरणात ज्या बोलीरेषांची चर्चा आहे, त्या ह्याच नगराच्या उत्तरेस व दक्षिणेस ऱ्हाइन ओलांडतात. एखाद्या शब्दाचे एक रूप कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते हे दाखविणारी रेषा ती बोलीरेषा. पूर्वेकडून एकत्र येणाऱ्या अशा अनेक रेषा ऱ्हाइनजवळ एकमेकींपासून अलग होतात आणि पंख्याच्या काड्यांसारख्या पसरतात. म्हणून त्यांस ‘ऱ्हाइनी पंखा’ असे नाव पडले. आपल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थी बेन्रात, उर्डिंगेन, श्पायर ही नावे परीक्षेपुरती पाठ करतात. ती खरीखुरी गावे आहेत, तेथे आगगाडीने जाता येते, ह्याचा बहुधा विसर पडलेला असतो. कोलोन येथे मुक्काम करून ह्या रेषा प्रत्यक्ष ओलांडणाऱ्या प्रवाशास काय पाहावयास मिळते आणि त्यावरून बोलींच्या सीमांविषयी कोणता निष्कर्ष निघतो, हे येथे सांगावयाचे आहे.

आरंभ नदीच्या नावापासून करणे सोयीचे. केल्टिक लोक ह्या नदीस ‘रेनोस्’ म्हणत. त्यावरून लॅटिन ‘र्‍हेनुस्’ आले. जर्मानिक भाषांत मात्र नाव आढळते ते ‘रीन्’ असे, दीर्घ ईकाराचे. मूळ रूप ‘रेइनोस्’ असे धरले म्हणजे दोन्हींचा उलगडा होतो. केल्टिकमध्ये ‘एइ’चा ‘ए’ झाला, जर्मानिकमध्ये ‘ई’ झाला. अर्थात जर्मानिक लोकांनी हे नाव रोमनांकडून उसने घेतलेले नाही. केल्टिकमधील स्वरपरिवर्तन होण्यापूर्वीच ते त्यांच्या कानी पडले होते. धातू तोच, जो संस्कृतात ‘रीयते’, ‘रिणाति’ ह्या रूपांत दिसतो, अर्थ ‘वाहणे’. जर्मन भाषेत ऱ्हाइन पुल्लिंगी आहे. शोण व ब्रह्मपुत्र ह्यांस ‘नद’ म्हणणाऱ्या परंपरेस ह्यात नवल वाटू नये.

नगराचे नाव मात्र अस्सल रोमन होय. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर आग्रिप्पाने उबी नावाच्या जर्मानिक जमातीस वसविले. त्या वस्तीत इ. स. १५ मध्ये आग्रिप्पाची नात, धाकटी आग्रिप्पिना, जन्मली. पुढे ती सम्राट क्लॉडियसची पत्नी झाली आणि इ. स. ५० मध्ये तिच्या जन्मग्रामास रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला. नाव ठेवण्यात आले ‘कोलोनिया क्लाउडिया आरा आग्रिप्पिनेन्सिउम्’. ह्या भारदस्त नावातून काळाने काय शिल्लक ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. सम्राटाचे नाव गेले, राणीचे गेले, ‘आरा’ म्हणजे वेदी गेली. उरला तो ‘कोलोनिया’ म्हणजे ‘वसाहत’ हा सर्वांत सामान्य शब्द. रोमन साम्राज्यात अशा वसाहती कितीतरी होत्या. परंतु आसपासच्या लोकांस एकच वसाहत माहीत असेल तर तिला दुसऱ्या विशेषणाची गरज राहत नाही. आपल्याकडे कसबा, पेठ, छावणी ह्या सामान्यनामांची विशेषनामे झाली ती ह्याच न्यायाने. लॅटिनमध्ये ह्या शब्दातील आघात दुसऱ्या अवयवावर होता. जर्मानिक जिभेने तो पहिल्यावर ओढला आणि पुढचे अवयव झिजत गेले. आजचे जर्मन रूप क्योल्न. स्थानिक बोलीत क्योल्ले. १९१९ पूर्वी हे नाव अधिकृतरीत्या लॅटिनची आठवण देणाऱ्या ‘सी’ ह्या अक्षराने लिहीत. त्या वर्षापासून ‘के’ हे अक्षर आले. ‘कोलोन’ हा आपल्याकडील उच्चार फ्रेंच रूपावरून इंग्रजीच्या द्वारे आलेला आहे.

नगराच्या मध्यभागी चालणारा प्रवासी बऱ्याच अंशी रोमन आराखड्यावरच चालत असतो. होए श्ट्रासे ही बाजारपेठेची अरुंद वाट रोमन नगराच्या दक्षिणोत्तर मुख्य मार्गावरून जाते; तिला जवळजवळ काटकोनात मिळणारी शिल्डरगासे पूर्वपश्चिम मार्गाच्या ओळीत आहे. कॅथीड्रलच्या अंगणातच रोमन उत्तरद्वाराचा काही भाग उभा आहे. नगरभवनाखाली रोमन सुभेदाराच्या प्रासादाचे अवशेष १९५३ मध्ये सापडले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, हवाई हल्ल्यापासून बचावासाठी तळघर खोदत असता डायोनिससचे प्रसिद्ध कुट्टिमचित्र उघडकीस आले. नगरास पाणी पुरविणारा रोमन जलमार्ग आइफेल डोंगराळ प्रदेशातून सुमारे ९५ किलोमीटर अंतर तोडून येत असे. त्याचे तुकडे आजही रानात दिसतात.

दगडांपेक्षा शब्द अधिक टिकाऊ ठरले, असे भाषाभ्यासकास वाटल्यास तो त्याचा पक्षपात मानण्याचे कारण नाही. जर्मन लोक मातीलाकडाची घरे बांधीत. पक्के बांधकाम त्यांनी रोमनांकडे पाहिले आणि वस्तूबरोबर शब्दही घेतला. फरसबंद रस्ता तो ‘श्ट्रासे’, लॅटिन ‘स्त्राता’वरून, दगडी भिंत ती ‘माउअर’, ‘मूरुस्’वरून, खिडकी ती ‘फेन्स्टर’, ‘फेनेस्त्रा’वरून, कौल किंवा वीट ती ‘त्सीगेल’, ‘तेगुला’वरून. द्राक्षमळे, दारू व तळघर ह्यांचे शब्दही तसेच. ह्यांतील काही शब्द तर कालमापनाची साधने आहेत. तळघर ह्या अर्थाचा ‘केल्लर’ हा शब्द लॅटिन ‘केल्लारिउम्’वरून आला आणि त्यातील ‘क’ जसाच्या तसा राहिला. कारण तो उसना घेतला गेला तेव्हा लॅटिनमध्ये ‘ए’पूर्वीच्या ‘क’चे तालव्यीकरण झालेले नव्हते. त्याच कुळातला, परंतु मठातील खोली ह्या अर्थाचा ‘त्सेल्ले’ हा शब्द धर्मप्रसाराबरोबर उशिरा आला आणि येताना ‘त्स’ घेऊनच आला. एक शब्द व्यापाऱ्याबरोबर व सैनिकाबरोबर आलेला, दुसरा संन्याशाबरोबर. ‘कायझर’ हा पहिल्या थरातील. त्यातील ‘क’ सीझरच्या काळच्या उच्चाराची साक्ष देतो. जर्मन ‘त्स’ शिकविण्यास मराठी विद्यार्थ्यास वेगळे श्रम लागत नाहीत, हेही जाता जाता नमूद करावे. ‘चाक’, ‘चमचा’ ह्या शब्दांतील दंततालव्य ‘च’ जवळजवळ तोच आहे.

कॅथीड्रलविषयी प्रवासवर्णनांत विपुल लिहिले गेले आहे. त्याचा पाया १२४८ मध्ये घातला गेला, सोळाव्या शतकात काम थांबले, १८४२ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८८० मध्ये पूर्ण झाले. उंची १५७ मीटर. १९४२ च्या मे महिन्याच्या अखेरीस एका रात्रीत सुमारे एक हजार विमानांनी नगरावर बाँब टाकले. युद्धाच्या अखेरीस जुने नगर जवळजवळ ढिगाऱ्यात होते, कॅथीड्रल मात्र जखमी अवस्थेत उभे होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो आर्चबिशप. कोलोनचा आर्चबिशप हा केवळ धर्मगुरू नव्हता. तो राजाही होता. ११६४ मध्ये मिलानहून तीन राजांचे अस्थिशेष आणले गेले आणि नगर यात्रेचे मोठे स्थान झाले. परंतु १२८८ मध्ये उत्तरेस वोरिंगेन येथील लढाईत आर्चबिशपाचा पराभव झाला आणि नगर त्याच्या हातून व्यवहारतः निसटले. १४७५ मध्ये त्यास साम्राज्याच्या स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला. आर्चबिशप पुढे बॉन व ब्र्यूल येथे राहू लागला. राज्य मात्र ऱ्हाइनच्या डाव्या तीराने एका लांब पट्टीसारखे १७९४ मध्ये फ्रेंच सैन्य येईपर्यंत टिकून राहिले. ही पट्टी लक्षात ठेवावी. पुढे ती कामास येणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जर्मन भाषेच्या दक्षिणेकडील बोलींत प्राचीन ‘प’, ‘त’, ‘क’ ह्या स्पर्शांत एक मोठे परिवर्तन झाले. स्वरानंतर त्यांचे ‘फ’, ‘स’, ‘ख’ असे घर्षक झाले. आरंभी व द्वित्वात ‘प्फ’, ‘त्स’ असे जोडध्वनी झाले. (येथील ‘ख’ व ‘फ’ हे आपले महाप्राण नव्हेत, घर्षक आहेत, देवनागरीत दुसरी सोय नाही.) इंग्रजीत हे परिवर्तन झालेले नाही, त्यामुळे तुलना सोपी पडते : इंग्रजी ‘वॉटर’, जर्मन ‘वास्सर’, इंग्रजी ‘शिप’, जर्मन ‘शिफ्’, इंग्रजी ‘मेक’, जर्मन ‘माखेन’. उत्तरेकडील निम्न जर्मन बोली ह्या बाबतीत इंग्रजीच्या बाजूच्या आहेत. दक्षिणेस परिवर्तन पूर्ण, उत्तरेस मुळीच नाही. तेव्हा मध्ये कोठेतरी एक स्वच्छ रेषा असावी, असे कोणालाही वाटेल.

गेओर्ग वेंकर ह्यांनाही तसेच वाटले, असे परंपरेने सांगतात. १८५२ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे जन्मलेल्या ह्या तरुणाने १८७६ मध्ये ऱ्हाइन प्रांतातील शाळामास्तरांस साध्या जर्मन वाक्यांची एक यादी पाठविली आणि ती गावच्या बोलीत लिहून देण्याची विनंती केली. पहिलेच वाक्य हिवाळ्यात वाऱ्यावर उडणाऱ्या वाळलेल्या पानांविषयी होते. त्याच वर्षी लेस्कीन ह्यांनी ध्वनिनियमांना अपवाद नसतो ह्या सिद्धान्ताचा उद्घोष केला होता. नियम जर निरपवाद, तर एका गावात ‘क’चा ‘ख’ सर्व शब्दांत झालेला असावा किंवा कोणत्याच शब्दात झालेला नसावा. उत्तरे आली ती वेगळीच. प्रत्येक शब्दाची हद्द निराळी पडत होती. वेंकर ह्यांनी क्षेत्र वाढवीत नेले, वाक्ये चाळीस केली आणि अखेर जर्मन साम्राज्यातील चाळीस हजारांहून अधिक गावांची उत्तरे मार्बुर्ग येथे गोळा झाली. १९११ मध्ये ते वारले तेव्हा मानचित्रावलीचे काम पुरे झालेले नव्हते. तो संग्रह आज मार्बुर्ग विद्यापीठात असून त्याचे नकाशे संगणकावर पाहता येतात. प्रत्यक्ष बोलणाऱ्याकडे न जाता टपालाने काम करण्याच्या ह्या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली आहे, आणि ती योग्यही आहे. ग्रिअर्सन ह्यांनी भारतात उधळ्या पुत्राचा दृष्टान्त सरकारी अधिकाऱ्यांच्या मार्फत गोळा केला, त्यातही हेच गुणदोष होते. तथापि चाळीस हजार गावे पायी फिरणे कोणास शक्य होते?

कोलोनहून उत्तरेस जाणारी गाडी अर्ध्या तासाच्या आतबाहेर बेन्रात येथे थांबते. अठराव्या शतकातील एक गुलाबी प्रासाद येथे आहे आणि प्रवासी त्यासाठीच उतरतात. हे गाव १९२९ पासून ड्युसेलडॉर्फ नगरात सामील आहे. ‘माखेन’ची उत्तरसीमा ऱ्हाइन ओलांडते ती येथे : दक्षिणेस ‘माखेन’, उत्तरेस ‘माकेन’. ड्युसेलडॉर्फच्याही पुढे, नदीच्या डाव्या तीरावर, उर्डिंगेन आहे. आज ते क्रेफेल्ड नगराचा भाग होय. ‘मी’ ह्या अर्थाच्या सर्वनामाची रेषा येथून जाते : दक्षिणेस ‘इख्’, उत्तरेस ‘इक्’. म्हणजे दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात, खुद्द ड्युसेलडॉर्फच्या जुन्या बोलीत, लोक ‘इख्’ म्हणत, परंतु ‘माखेन’ न म्हणता ‘माकेन’ म्हणत. एकच ‘क’, एकच मनुष्य; एका शब्दात परिवर्तन झालेले, दुसऱ्यात नाही. पूर्वेकडे जर्मनीच्या मध्यभागात ह्या दोन रेषा बऱ्याच अंतरापर्यंत जवळजवळ एकत्र चालतात. ऱ्हाइनजवळ त्या फाटतात.

कोलोनची बोली ‘क्योल्श’ ह्या नावाने ओळखली जाते. तेथील बिअरचेही तेच नाव. पिता येणारी भाषा जगात ही एकच, अशी कोलोनकरांची थट्टा आहे. भाषाशास्त्रज्ञ तिला रिपुआरियन बोलींत घालतात. हे नाव लॅटिन ‘रीपा’, म्हणजे नदीचा तीर, ह्या शब्दावरून आले असे मानतात. क्योल्शमध्ये पाणी ‘वास्सर’ आहे, म्हणजे ‘त’चे परिवर्तन झाले आहे, परंतु ‘ते’ ह्या अर्थी ‘दात्’ व ‘काय’ ह्या अर्थी ‘वात्’ ही रूपे परिवर्तनाविना राहिली आहेत, जेथे प्रमाण जर्मनमध्ये ‘दास्’ व ‘वास्’ आहे. लहान, वारंवार तोंडात येणारे, आघातहीन शब्द नियमाच्या तावडीतून सुटतात, हे येथे उघड दिसते. ह्याखेरीज बोलीची स्वतःची काही वैशिष्ट्ये आहेत. आरंभीच्या ‘ग’चा ‘य’ होतो; ‘गूट’ म्हणजे चांगले, ते येथे ‘योट’. दारू ह्या अर्थाच्या ‘वाइन’चे ‘विङ्’ होते आणि वेळ ह्या अर्थाच्या ‘त्साइट’चे ‘त्सिक्’. शिवाय आघातयुक्त अवयवांत सुरांचा अर्थभेदक उपयोगही होतो. पंजाबीतील सुरांशी परिचित असलेल्या भारतीय अभ्यासकाने ह्याकडे अवश्य लक्ष द्यावे. फ्रेंच अंमलाच्या वीस वर्षांनी व त्याआधीच्या फ्रेंच प्रतिष्ठेने छत्रीला ‘पाराप्ल्यू’ आणि पिसांच्या रजईला ‘प्ल्यूमो’ हे शब्द देऊन ठेवले आहेत. आडाम व्रेडे ह्यांचा तीन खंडांचा कोलोनी शब्दसंग्रह १९५६ ते १९५८ ह्या काळात प्रसिद्ध झाला, आणि बोलीच्या संवर्धनासाठी १९८३ मध्ये नगरात एक अकादमी स्थापन झाली. तरीही अस्सल क्योल्श बोलणारे आता मुख्यतः वयस्कर मंडळींत सापडतात. तरुणांच्या तोंडी जी ऱ्हाइनी छटेची जर्मन असते, तीत ‘दात्’ आणि ‘वात्’ मात्र आजही ऐकू येतात.

दक्षिणेस निघाले की प्रथम ब्र्यूलचा प्रासाद आणि मग बॉन लागते. भारतीय अभ्यासकास बॉन अपरिचित नाही. १८१८ मध्ये जर्मनीतील भारतविद्येचे पहिले अध्यासन येथे आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल ह्यांना मिळाले आणि १८२३ मध्ये त्यांनी भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह येथूनच प्रसिद्ध केली. मराठीच्या अभ्यासकास त्याहून जवळचे नाव आहे हेर्मान याकोबी ह्यांचे. १८५० मध्ये कोलोन येथे जन्मलेले याकोबी पुढे बॉन येथे प्राध्यापक होते. माहाराष्ट्री प्राकृतातील निवडक कथांची त्यांची १८८६ ची आवृत्ती पिढ्यान्पिढ्या त्या भाषेचे पहिले पाठ्यपुस्तक ठरली. वेदकालाविषयी ज्योतिषाच्या आधारे त्यांनी व लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये, परस्परांपासून स्वतंत्रपणे, सारखेच निष्कर्ष मांडले, हे सर्वश्रुत आहे. आज कोलोन विद्यापीठाने संगणकावर सिद्ध केलेल्या संस्कृत कोशांत पुण्यात तयार झालेला आपटे ह्यांचा कोशही आहे आणि महाराष्ट्रातील विद्यार्थी तो कोलोनच्या मार्गाने उघडतात.

बॉनच्या वर उजव्या तीरावर बाड होनेफ आहे. ह्या टापूत ‘गाव’ ह्या शब्दाची रेषा ऱ्हाइन ओलांडते : उत्तरेस ‘डोर्प’, दक्षिणेस ‘डोर्फ’. आणखी थोडे पुढे, डाव्या तीरावर, बाड ब्रायझिगच्या दक्षिणेस, फिंक्स्टबाख नावाचा एक ओढा ऱ्हाइनला मिळतो. आगगाडीतून तो दिसेपर्यंत मागे पडतो. सबंध प्रवासात एकच ठिकाण पाहावयाचे असेल तर अभ्यासकाने हे पाहावे. ओढ्याच्या नावात लॅटिन ‘फीनेस्’, म्हणजे सीमा, हा शब्द दडलेला आहे. अधर व उत्तर जर्मानिया ह्या दोन रोमन प्रांतांची ही सीमा होती. साम्राज्य गेले, परंतु चर्चने आपले विभाग रोमन प्रांतांवर बसविले होते, त्यामुळे कोलोन व ट्रियर ह्या आर्चबिशपांच्या क्षेत्रांची सीमाही येथेच राहिली. आणि ‘डोर्प-डोर्फ’ ही रेषा, जी उत्तरेकडील रिपुआरियन बोलींना दक्षिणेकडील मोझेल-फ्रँकिश बोलींपासून अलग करते, तीही ह्याच परिसरातून जाते. ओढा सहज ओलांडता येतो. त्याने कोणाचा मार्ग अडविला असेल हे संभवत नाही. उलट ऱ्हाइनसारखी विशाल नदी बोलींना मुळीच अडवीत नाही. सर्व रेषा तिला आडव्या छेदून जातात. कोलोन व समोरचे डॉइट्स ह्यांची बोली एकच. लग्नसंबंध, बाजार, यात्रा, न्यायालय, धर्मपीठ ह्यांनी ज्यांना एकत्र आणले त्यांचे बोलणे एक झाले.

पुढील टप्पे भराभर येतात. कोब्लेन्त्स येथे मोझेल ऱ्हाइनला मिळते. नाव लॅटिन ‘कोन्फ्लुएन्तेस्’, म्हणजे शब्दशः संगम. त्यापुढे दरी अरुंद होते, किल्ले दिसू लागतात आणि प्रवासी लोरेलायच्या कड्याकडे माना वळवितात. तिच्या समोरच्या तीरावर सांक्ट गोआर आहे. ‘दात्’ येथे संपतो व ‘दास्’ सुरू होतो. त्यानंतर बराच वेळ ‘आप्पेल’चा प्रदेश चालतो, आणि श्पायरजवळ, जेथे जुने जर्मन सम्राट पुरले गेले त्या कॅथीड्रलच्या आसमंतात, ‘आप्पेल’चा ‘आप्फेल’ होतो. पंखा तेथे मिटतो.

हा पंखा कसा उलगडला ह्याविषयी दोन मते आहेत. १९२६ मध्ये हेर्मान आउबिन, टेओडोर फ्रिंग्स व योझेफ म्युलर ह्यांनी ऱ्हाइनप्रदेशातील संस्कृतिप्रवाहांवर एक संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलींच्या सीमा म्हणजे प्राचीन जमातींच्या सीमा, ही जुनी समजूत त्याने मोडली. फ्रिंग्स ह्यांच्या मते परिवर्तन दक्षिणेत उगम पावले आणि ऱ्हाइनच्या वाटेने उत्तरेस सरकत गेले. प्रत्येक लाट जेथे एखाद्या मध्ययुगीन राज्याच्या हद्दीशी अडली तेथे रेषा उमटली. बेन्रात रेषा १५०० पूर्वीच्या, तर उर्डिंगेन रेषा १७८९ पूर्वीच्या राज्यसीमांशी पुष्कळ अंशी जुळते. कोलोनच्या आर्चबिशपाची ती लांब पट्टी येथे उपयोगी पडते : ‘इख्’ हे रूप कोलोनच्या प्रभावाने तिच्या बाजूने उत्तरेस रेटले गेले, असे हा पक्ष सांगतो. ब्लूमफील्ड ह्यांनी हाच अर्थ स्वीकारला आणि त्यांच्या ग्रंथाद्वारे तो आपल्याकडे जवळजवळ सिद्ध गोष्ट म्हणून आला.

परंतु तो तसा निर्विवाद नाही. रुडोल्फ श्युत्सआइखेल ह्यांनी १९६१ मध्ये असे प्रतिपादिले की मध्य ऱ्हाइनच्या बोलींतील परिवर्तन दक्षिणेकडून आयात झालेले नसून तेथेच, फार पूर्वी, स्वतंत्रपणे घडलेले आहे. जुन्या लेखांत व स्थळनामांत त्याचे पुरावे आहेत. हे मान्य केल्यास मध्ययुगीन राज्यसीमांनी रेषा निर्माण केल्या असे म्हणता येणार नाही. फार तर त्यांनी आधीच असलेले भेद धरून ठेवले, सरकवले वा ठळक केले असे म्हणावे लागेल. ह्या दुसऱ्या पक्षाचे बळ उपेक्षणीय नाही. रेषा आज जेथे आहे तेथे ती का थांबली, ह्याचे उत्तर फ्रिंग्स चांगले देतात. परिवर्तन मुळात कोठे जन्मले, हा प्रश्न निराळा आहे आणि नकाशा पाहून तो सुटत नाही.

हा वाद निव्वळ विद्यापीठीय नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. बॉन येथे ऱ्हाइनप्रदेशाच्या इतिहासाभ्यासाची संस्था १९२० मध्ये निघाली तेव्हा हा प्रदेश दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. कोलोनमध्ये १९२६ च्या आरंभापर्यंत ब्रिटिश फौज होती. ऱ्हाइनकाठ किती जर्मन आहे हे दाखविणे त्या काळी राष्ट्रकार्य मानले जाई. पुढील दशकात ह्याच वर्तुळातील काही विद्वानांनी बोली व स्थळनामांच्या आधारे बेल्जियम व उत्तर फ्रान्समध्ये जर्मानिक वारसा शोधला, आणि नाझी राजवटीस ते संशोधन सोयीचे वाटले. बोलीभूगोलाने जमातीची कल्पना दारातून घालविली होती. ती खिडकीतून परत आली. ज्या देशात १९५६ व १९६० मध्ये भाषेच्या पायावर राज्यांच्या हद्दी आखल्या गेल्या, तेथील अभ्यासकाने हे प्रकरण अलिप्तपणे वाचणे कठीण आहे. हद्द बोलीमुळे पडली की बोली हद्दीमुळे, हा प्रश्न आपल्याही सीमाभागात प्रत्येक गावापुरता वेगळा विचारावा लागेल. घाटगे ह्यांनी साठच्या दशकात कुडाळी, महाडची कुणबी, गोव्याची गावडी अशी एकेका ठिकाणच्या बोलीची स्वतंत्र वर्णने सिद्ध केली, त्यामागची सावधगिरी ह्या दृष्टीने मोलाची वाटते.

फ्रिंग्स व श्युत्सआइखेल ह्यांच्यामधील निर्णय शेवटी जुन्या कागदपत्रांवर अवलंबून आहे, आणि त्यांचे एक मोठे भांडार कोलोनमध्येच होते. नगराच्या ऐतिहासिक दप्तरखान्यात ९२२ पासूनच्या सुमारे ६५,००० सनदा होत्या. बाराव्या शतकापासूनच्या घरजमिनीच्या नोंदी होत्या. त्या प्रथम लॅटिनमध्ये व पुढे जर्मनमध्ये लिहिलेल्या असल्यामुळे गल्लीगल्लीतील नावांच्या व शब्दांच्या बदलत्या रूपांचा तो साठाच होता. सोळाव्या शतकात कोलोनच्या लेखकांनी दक्षिणी वळणाची लेखनभाषा स्वीकारली आणि क्योल्श केवळ तोंडी उरली; त्यामुळे त्याआधीच्या ह्या नोंदींना दुसरा पर्याय नाही. महायुद्धातील बाँबवर्षावातून हे दप्तर सुखरूप राहिले होते. ३ मार्च २००९ रोजी शेजारी भुयारी रेल्वेचे खोदकाम चालू असता ती इमारत कोसळली. शेजारच्या घरांतील दोन तरुण मृत्युमुखी पडले आणि हजार वर्षांचे कागद चिखलात व भूजलात गेले. सुमारे पंचाण्णव टक्के सामग्री बाहेर काढण्यात यश आले. परंतु पुष्कळशी फाटलेली, भिजलेली, एकमेकांत मिसळलेली होती. ओले कागद गोठवून, मग निर्वात यंत्रात वाळवून, एकेक तुकडा स्वच्छ करून त्याची जागा शोधण्याचे काम तेव्हापासून चालू आहे व ते काही दशके चालेल. आइफेलवाल येथील नव्या इमारतीत २०२१ मध्ये दप्तरखाना उघडला गेला. पूर्वी घेतलेली सूक्ष्मचित्रे व दुरुस्त झालेली पाने संगणकावर उपलब्ध करून दिली जात आहेत.